अनुक्रमांक सत्तेचाळीस

४ मार्च

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. यंदा त्यातही वीस टक्के कपात आहे, वरून आदेश आलाय म्हणे.

घरात फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू "हो ताई, खरंय ताई" म्हणत राहतोस आणि मागे तुझी बोटं की-बोर्डवर टकटकत असतात. कागद निदान फोडावा तरी लागतो. शिवाय मला जे बोलायचंय ते बोलताना मी चिडते, आणि चिडले की तू "रेंज जातेय" म्हणतोस.

काल तुमच्या अर्थमंत्र्यांचं भाषण टीव्हीवर पाहिलं. म्हणाले, राज्याची तिजोरी कठीण काळातून जात आहे, जनतेने कंबर कसावी. बोलता बोलता ते तीनदा पाणी प्यायले, सीलबंद बाटलीतलं. दोन वर्षांपूर्वी याच गृहस्थांनी राज्य कसं भरभरून वाहतंय ते सांगितलं होतं. वाहत होतं हे खरंच, फक्त कुठे वाहून गेलं ते कोणी विचारलं नाही. आपल्या घराखालचे शिंपीकाका माझ्याबरोबर बसले होते. ते म्हणाले, "कंबर कसायची तर आधी माप घ्यावं लागतं. हे लोक माप घेतात स्वतःचं आणि कापड कापतात आपलं." काकांचं वय ऐंशीला टेकलंय, पण कात्री अजून धारदार आहे.

इकडे कंबर कसणं सुरू झालंय. रस्त्यावरचे दिवे एकाआड एक. वाचनालय आठवड्यातून तीन दिवस. दवाखान्यात एक्स-रे काढून देतात, पण फिल्म नाही, म्हणून मोबाइलवर फोटो काढून घ्या म्हणतात. हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण आता कानावर आलंय की आमची पाणी तपासायची प्रयोगशाळा बंद करणार.

एकतीस वर्षं मी त्या दोन खोल्यांत काढली. टाकीमागच्या त्या खोल्यांत रोज सकाळी गावातल्या बारा नळांचं पाणी यायचं आणि त्यात काय पोहतंय ते आम्ही सांगायचो. मी निवृत्त झाल्यावर माझ्या जागी आलेली लॅबवाली बाई माझ्याहून नीटनेटकी आहे. ती आणि एक शिपाई, दोन माणसांचा कारभार. यातून राज्याची तिजोरी भरणार असेल तर तिजोरी आहे की मुलांचा गल्ला?

तू अर्थखात्यात बसतोस. एवढंच कळव, असल्या याद्या कुठला गाढव बनवतो?

ताई

---

१६ मार्च

ती. ताई,

नमस्कार. तुझं पत्र दोनदा वाचलं, टकटक न करता.

तू रागावतेस ते समजतं. पण बाहेरून दिसतं तितकं ते सोपं नसतं, ताई. उत्पन्न घटलं, देणी वाढली, मग कुठेतरी कात्री लावावीच लागते. याद्या एक माणूस बनवत नाही. खात्यांकडून माहिती येते, तिचं संकलन होतं, ती वर जाते, वरून खाली येते. शेवटी ती कोणाची राहत नाही.

प्रयोगशाळेबाबत ऐकलंस ते खरं असावं. पण बंद म्हणजे कायमची बंद नव्हे, "तात्पुरतं एकत्रीकरण" असा शब्द आहे. तुमचे नमुने मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातील. तिथली यंत्रं नवी आहेत. उलट अहवाल जास्त अचूक मिळतील, असं म्हणतात.

शिंपीकाकांना नमस्कार सांग. माझ्या मुलाखतीचा कोट त्यांनी दोन दिवसांत शिवून दिला होता. बाह्या आखूड झाल्या तेव्हा म्हणाले होते, "हात पुढे करू नकोस, म्हणजे कळणार नाही." सरकारी नोकरीतला तो मला मिळालेला पहिला सल्ला.

तुझी सून आणि मुली मजेत. तब्येतीला जप.

तुझा धाकटा

---

११ एप्रिल

धाकट्या,

सून माझी नाही, बायको तुझी आहे आणि माझी भावजय आहे. घाईत पत्र लिहिलं की नातीसुद्धा एकत्रीकरणात जातात.

एक तारखेला प्रयोगशाळा बंद झाली. एक साहेब आले, बरोबर एक छापील कागद आणि एक कुलूप. लॅबवालीने त्यांना विचारलं, "आत आज सकाळचे नमुने लावलेत, अठ्ठेचाळीस तास ठेवावे लागतात, त्यांचं काय करू?" साहेब म्हणाले, "बाई, आज एक तारीख. एक तारखेपासून तुम्ही अस्तित्वात नाही." हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले, कारण मी दारात उभी होते. मग त्यांनी नमुने ठेवलेल्या उष्णपेटीची वायर उपटली. माझ्या डोळ्यांदेखत तिचा लाल दिवा विझला. एकतीस वर्षांत तो दिवा आम्ही वीज गेली तरच विझू दिला.

लॅबवालीची बदली आता कुत्र्यांचे परवाने देणाऱ्या टेबलावर झालीय. शिपाई घरी.

आता तुझं ते मोठं शहर. बसने नऊ तास. बस आठवड्यातून तीनदा. पाण्याचा नमुना बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत तपासला नाही, तर तो नमुना नसतो, ते नुसतं बाटलीतलं पाणी असतं. पहिला डबा बुधवारी बसच्या टपावर चढला, उन्हात. बर्फ पहिल्याच तासाला विरघळला असणार. तिकडच्या स्थानकावर पडून राहून डबा प्रयोगशाळेत शुक्रवारी पोहोचला. तिकडच्यांनी शेरा मारून परत पाठवला, "नमुना मुदतबाह्य." आमचा पाणीखात्याचा अभियंता तो कागद फाइलला लावून खूश आहे. त्याला पाठवल्याचा पुरावा हवा होता, तपासल्याचा नाही.

आणि तिजोरीत खडखडाट असताना गावाच्या तोंडाशी काय चाललंय, ओळख. कमान! आमदारांचं स्वागत करायला दगडी कमान, वर दिवे. रस्त्यावरचे दिवे एकाआड एक, कमानीवरचे ओळीने सगळे. शिंपीकाका म्हणाले, "अंगावर चिंधी आणि डोक्याला फेटा." मी त्यांच्याइतकं सभ्य काही म्हणाले नाही.

उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं पाहिली होती, धाकट्या. हे तर शेळ्या विकून उंटाला झूल शिवतायत.

आता माझं काम ऐक. चोवीस तासांची ही अट तुझ्या साहेबांच्या कानावर घाल. एक कागद लिही. भीक मागत नाही, विज्ञान सांगतेय. मी स्वतः गप्प बसणार नाहीच. माझ्याकडे तपासणीच्या छोट्या बाटल्या उरल्यात, पन्नासेक. त्यात पाणी भरून घरात ठेवायचं, घाण असेल तर पाणी काळं पडतं. लहान मुलालाही कळेल. तुमच्या मंत्र्यांना कळेल की नाही, सांगता येत नाही.

ताई

---

२१ एप्रिल

ती. ताई,

उशीर झाला, माफ कर. पुरवणी मागण्यांचं काम होतं.

तुझं म्हणणं मी कागदावर मांडलं आणि वर पाठवलं. पण क्र. ४७ एकट्यासाठी निर्णय फिरवला तर बाकीचे दोनशे रांग लावतील, अशी वरची भूमिका आहे. वाट पाहू.

एक विनंती. त्या बाटल्यांचं गावात बोलू नकोस. तू निवृत्त आहेस, तुला अधिकार नाही. कोणी अफवा पसरवण्याचं कलम लावलं, तर मी इथून काही करू शकणार नाही. तुला माहीत नाही, इथे सध्या वातावरण कसं आहे. मंत्र्यांच्या दालनाचे पडदे बदलले. त्याचं बिल मीच पास केलं, आणि त्याच दिवशी आमच्या कक्षाला स्टेपलर मिळणार नाही म्हणून परिपत्रक आलं. आम्ही टाचण्या वापरतो. हसावं की रडावं कळत नाही, म्हणून कोणी काहीच करत नाही.

तुझा धाकटा

---

१० मे

धाकट्या,

बाटल्या काळ्या पडल्या.

मी बारा नळांचं पाणी भरलं होतं, पूर्वीसारखंच, त्याच क्रमाने. नऊ बाटल्या स्वच्छ राहिल्या. पूर्वेकडच्या गल्लीतल्या तीन दुसऱ्या दिवशी सकाळी शाईसारख्या काळ्या. त्या गल्लीत जलवाहिनी गटाराच्या खालून जाते. पूर्वी आम्ही तिथे दर आठवड्याला दोनदा पाणी घ्यायचो, कारण ती जागा खोडसाळ आहे हे आम्हाला माहीत होतं. ते कुठल्या फाइलीत नव्हतं. आमच्या डोक्यात होतं, आणि डोकी तुम्ही कपातीत काढलीत.

तिन्ही बाटल्या घेऊन मी अभियंत्याकडे गेले. टेबलावर मांडल्या. तो म्हणाला, "आजी, हे काय?"

म्हटलं, "मी तुमची आजी नाही. हे तुम्ही लोकांना पाजताय ते."

"अधिकृत अहवाल आहे का?"

"अहवाल देणारी जागा तुम्ही कुलूप लावून बंद केलीत."

"मग अहवाल नाही. अहवाल नाही म्हणजे दोष नाही." आणि त्याने रुमालाने टेबल पुसलं, जिथे माझ्या बाटल्या होत्या तिथेच.

तिथून आमदारांकडे गेले. ते कमानीच्या दगडाचा रंग निवडत होते. म्हणाले, "ताई, निवडणुकीच्या तोंडावर विरोधक असलं पसरवतात." मी विचारलं, "जंतू कुठल्या पक्षाचे असतात?" त्यांच्या मागे उभे असलेले चौघे आधी हसले आणि मग साहेब हसत नाहीत हे पाहून गप्प झाले.

मग मी पूर्वेकडच्या गल्लीत दारोदार फिरले, पाणी उकळून प्या म्हणून. निम्म्यांनी ऐकलं. निम्मे म्हणाले, सरकारने सांगितलं असतं ना. यांचा अजून सरकारवर विश्वास आहे, बघ. मला त्यांची कीव आली, आणि तुमची किळस.

आज सकाळी त्या गल्लीतून एकवीस माणसं दवाखान्यात गेली. जुलाब, उलट्या. शिंपीकाकासुद्धा. ते आपल्या घराखाली राहतात, त्यांचं पाणी स्वच्छ आहे. पण त्या गल्लीत एका गिऱ्हाइकाचं माप घ्यायला गेले होते, आणि तिथे दोन पेले पाणी प्यायले.

आता एक प्रश्न. तू लिहिलंस, क्र. ४७. आमच्या दारावरच्या नोटिशीत क्रमांक नव्हता. वर्तमानपत्रात यादी आली त्यातही नव्हता. मी तर कधीच लिहिला नाही. मग तुला क्रमांक तोंडपाठ कसा?

ताई

---

१५ मे

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. ठीक.

शिंपीकाका काल दुपारी गेले. दवाखान्यात सलाइनच्या बाटल्या संपल्या होत्या. खरेदी पुढच्या तिमाहीत आहे, असं नर्सने सांगितलं. ती सांगताना रडत होती, म्हणून तिला काही बोलले नाही.

एकूण चौऱ्याऐंशी आजारी, चार गेले.

ताई

---

२१ मे

ताई,

पाच दिवस हा कागद समोर ठेवून बसतो आहे. आज ऑफिसला गेलो नाही.

यादी मी बनवली.

तू विचारलं होतंस ना पहिल्या पत्रात, कुठला गाढव म्हणून. फेब्रुवारीत मंत्र्यांच्या सल्लागारांनी संध्याकाळपर्यंत दोनशे नावं मागितली. म्हणाले, लोकांना कपात दिसली पाहिजे, पण आवाज होता कामा नये. मी संगणकावर सगळ्या कार्यालयांचा तक्ता उघडला आणि "कर्मचारी तीनपेक्षा कमी" अशी चाळणी लावली. दोन माणसांचं कार्यालय ओरडलं तरी कोणाला ऐकू जात नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. दोनशे चौदा निघाली. सत्तेचाळीसावं आपल्या गावचं.

मला ते दिसलं, ताई. दिसलं नाही असं म्हणून सुटता आलं असतं, पण मला दिसलं. चौदा नावं वगळायचीच होती. त्यांत मी हे वगळू शकत होतो, कोणी विचारलंही नसतं. मी स्वतःला सांगितलं, बहिणीचं ऑफिस म्हणून वगळलं तर तो पक्षपात होईल. त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःच्या निःपक्षपातीपणाचं कौतुक वाटत होतं. तेही खरं आहे, म्हणून तुला सांगतो.

प्रत्येक नावापुढे शेरा लागतो. तुमच्यापुढे मी लिहिलं, "पर्यायी सुविधा उपलब्ध." नकाशाही पाहिला नाही.

मार्चच्या शेवटी आरोग्यखात्याची टिप्पणी आली होती. तू लिहिलंस तेच त्यात होतं, चोवीस तास, बर्फ, सगळं. मी ती सल्लागारांपुढे ठेवली. त्यांनी कोपऱ्यात "पाहिले" लिहिलं. मी फाइल बंद केली. तुझं पत्र त्यानंतर आलं. तुझा कागद मी वर पाठवलाच नाही. पाठवला असं तुला खोटं लिहिलं.

मी काय करू, सांग.

धाकटा

---

२७ मे

तुझं पत्र वाचलं.

शिंपीकाकू वर आल्या होत्या, मशीनचं तेल मागायला. चार कपडे अर्धवट राहिलेत, ते पुरे करून लोकांना द्यायचेत म्हणाल्या. त्यांना मी काही सांगितलं नाही. साठ वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या आडनावाची लाज वाटली.

मंत्री नालायक आहेत हे मला माहीत होतं. सल्लागार, अभियंता, आमदार, सगळ्यांना माझं मनात केव्हाच जोड्याने मारून झालंय. त्यांच्याकडून माझी अपेक्षा नव्हती, त्यामुळे त्यांचा राग येतो पण लागत नाही. तू मात्र हुशार. तुला पाणी म्हणजे काय ते माहीत होतं. कॉलेजात असताना तू माझ्या प्रयोगशाळेत येऊन सूक्ष्मदर्शकातून बघायचास आणि रात्रभर पाणी प्यायचा नाहीस. तुला दिसलं आणि तू चाळणी लावलीस.

काय करू विचारतोस. चौकशी बसली आहे. चौकशी अधिकारी तुमच्याकडूनच आलेत. पहिल्या दिवशी त्यांनी व्हॉल्व्हवाल्याला निलंबित केलं. पहाटे उठून टाकीचे व्हॉल्व्ह उघडतो तो माणूस. त्याने व्हॉल्व्ह दहा मिनिटं उशिरा बंद केला, म्हणून म्हणे घाण आत ओढली गेली. तेवीस वर्षं तो सायकलवर फिरून गावाला पाणी सोडतोय. त्याची स्वतःची मुलगी त्या चौऱ्याऐंशींत आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण आपण शाळेत पाठ केली, इथे ती समोर चाललीय.

अकरा जूनला सुनावणी आहे. ये आणि मला लिहिलंस ते तिथे सांग.

---

३ जून

ताई,

मी येऊ शकेन असं वाटत नाही. सेवेत असताना सरकारविरुद्ध साक्ष देता येत नाही. दिली तर शिस्तभंग. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, धाकटीचं शिक्षण व्हायचंय. मी त्या टिप्पणीची प्रत तुला निनावी पाकिटातून पाठवतो. तू ती दाखल कर. काम तेच होईल.

धाकटा

---

६ जून

प्रत पाठवू नकोस. निनावी कागदाची किंमत अभियंत्याच्या रुमालाइतकीच. "कुठून आणलात?" असं ते मला विचारतील, आणि मी खोटं बोलावं असं तुला वाटतं. तुमच्या खात्यात ती सोय असेल, माझ्या नाही.

तुझी अडचण मला समजते. व्हॉल्व्हवाल्यालाही दोन मुली आहेत, पण त्याला कोणी आधी विचारलं नाही.

नको येऊस. मी माझ्या तीन बाटल्या घेऊन जाईन.

ताई

---

१४ जून

ताई,

तुला मी बाकावर बसलेलं पाहिलं. तूही मला पाहिलंस. मी मागच्या दाराने आत गेलो, आणि बाहेर पडल्यावर चारच्या बसने परत आलो. घरी यायची हिंमत झाली नाही. आत काय झालं ते तुला बाहेर कळलं नसेल, म्हणून लिहितो.

मी नाव आणि हुद्दा सांगितला. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "तुम्हाला बोलावलेलं नाही."

म्हटलं, "नाही. मी आलोय."

मी टिप्पणीची प्रत समोर ठेवली, सल्लागारांच्या "पाहिले" या शेऱ्यासकट. यादी कशी बनवली ते सांगितलं. चाळणी, तीनपेक्षा कमी, सगळं. त्यांनी विचारलं, "हे कोणाच्या आदेशाने?"

"आदेश वरचा. अक्षर माझं."

ते टंकलेखकाकडे वळले. "हे घेऊ नका."

मी म्हणालो, "घ्या. नाहीतर मी जबाबावर सही करणार नाही, आणि सही का केली नाही ते बाहेर उभ्या असलेल्या लोकांना सांगेन." ताई, हे वाक्य मी बसमध्ये नऊ तास पाठ केलं होतं. तरी बोलताना माझा आवाज चिरकला. टंकलेखक अधिकाऱ्यांकडे न बघता टंकू लागला. पूर्वेकडच्या गल्लीतलाच असावा.

व्हॉल्व्हवाला कोपऱ्यात उभा होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. मी त्याच्याकडून आभाराची वाट पाहत होतो की काय, असं वाटून मला माझीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मला निलंबनाचा आदेश मिळाला, पाच सह्यांसह. माझ्या सबंध नोकरीत आमच्या खात्यात एवढी जलद फाइल मी पाहिली नाही. एक सही तर परदेश दौऱ्यावरच्या साहेबांची होती. आदेश टाचणीने जोडलेला होता.

घरी बायको दोन दिवस बोलली नाही. आज म्हणाली, "निदान आता संध्याकाळी लवकर घरी असशील."

तुला तोंड दाखवायला कधी येऊ, हे विचारायचा मला हक्क नाही.

धाकटा

---

६ जुलै

धाकट्या,

तुझ्या आधी मी आत गेले होते. माझ्या बाटल्या पाहून साहेबांनी "भावनिक साक्ष" असं लिहून घेतलं. रसायनशास्त्राला भावना म्हणणारा माणूस मी प्रथमच पाहिला. बाहेर येऊन बसले तेव्हा सगळं बुडालं असंच मला वाटत होतं. मग तू दिसलास, हातात एक जुनी फाइल. तुला हाक मारावीशी वाटली, आणि मारावीशी वाटली म्हणून स्वतःचा रागही आला.

इकडची हकीकत. व्हॉल्व्हवाला परत कामावर आहे. निर्दोष म्हणून नव्हे. "समज देऊन" घेतला, कारण यांच्याकडे निर्दोष या शब्दाचा छापील फॉर्म नाही. अभियंत्याची बदली झाली, चांगल्या गावी. सल्लागार सल्ला देतायत.

प्रयोगशाळा सोमवारी पुन्हा उघडली. अर्थमंत्री स्वतः आले, कमानीखालून, फीत कापायला. एप्रिलमध्ये आम्ही अस्तित्वात नव्हतो, जुलैमध्ये आम्ही "या सरकारची अभिनव योजना" झालो. भाषणात म्हणाले, आर्थिक शिस्तीमुळेच हे शक्य झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चार घरचे लोक नव्हते त्यात, बाकी होते. सरकारचा तिरस्कार करून करून मी दमलेय, आता थोडा या टाळ्यांसाठी राखून ठेवते. शेवटी छायाचित्रासाठी मंत्र्यांच्या हातात आमच्या नळाच्या पाण्याचा पेला दिला. त्यांनी तो ओठांपर्यंत नेला, फोटो झाला, आणि पेला भरलेला तसाच खाली ठेवला. लॅबवालीने तो सगळ्यांसमोर उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला. "तपासलंय साहेब," म्हणाली. तिला उद्या पुन्हा कुत्र्यांकडे पाठवतील, पण ते दृश्य मी बघून घेतलं.

मला कंत्राटावर परत बोलावलंय, सहा महिन्यांसाठी. गेले. पूर्वेकडची वाहिनी गटाराखालून हलवेपर्यंत तिथलं पाणी मी स्वतः घेणार आहे.

आता तुझं. तू विचारायचा हक्क नाही म्हणालास, म्हणून मीच सांगते. मी तुला माफ केलेलं नाही. करीन की नाही, ठाऊक नाही. तू आलास आणि बोललास म्हणून चार माणसं परत येत नाहीत. पण तू आला नसतास तर मी हे पत्र लिहिलं नसतं, कुठलंच लिहिलं नसतं, हेही तुला कळायला हवं.

शिंपीकाकूंना मी सगळं सांगितलं. परवा, त्यांच्याच दुकानात बसून. यादी, चाळणी, तुझा शेरा, तुझी साक्ष, काही ठेवलं नाही. त्यांनी मशीन थांबवलं नाही. शिवण पूर्ण केली, दोरा दाताने तोडला, आणि विचारलं, "तो मला हे स्वतः का सांगत नाही?"



तेव्हा ये. निलंबित माणसाला रजा काढावी लागत नाही. उतरलास की जिना चढून माझ्याकडे येऊ नकोस. आधी खाली दुकानात जा. त्या बस म्हणतील की नाही, सांगता येत नाही. नाही म्हणाल्या तर उभा राहा. मी वर असेन, पण तुझ्यासाठी खाली येणार नाही.

ताई